जुईची पाण्याची बाटली

"…ते सगळं ठीक आहे बाबा. पण या दोन शाळांतली चांगली कुठली, एवढंच सांगा."

रोशनशाह बाबा रांजणावरचं ओलं फडकं सारखं करत होते.

घाटाच्या पायथ्याशी, चिंचेच्या सावलीत बाबांचा तकिया, म्हणजे फकिराचं ठिकाण, होता. एक खोली, एक जुनी कबर आणि एक रांजण, एवढाच पसारा. दर गुरुवारी गावोगावची माणसं यायची. रीत एकच होती. आलेल्याने आधी पाणी प्यायचं आणि मग बोलायचं. पेलाबिला मिळायचा नाही. बाबा लांब दांड्याच्या ओगराळ्याने धार धरायचे, माणसाने वाकून ओंजळ पुढे करायची. "बास" म्हटलं की धार थांबायची.

वकील धनराज तिडके मात्र गाडीतून आपली बाटली घेऊन येई. पोट नाजूक आहे, म्हणे.

"कोर्टात काय काय पचवतोस," बाबा म्हणायचे, "आणि इथलं पाणी तेवढं पचत नाही होय?"

धनराज हसून सोडून द्यायचा. बाबांना तो चारचौघांत आपले गुरू म्हणत असे. त्यांचं म्हणणं ऐकणं ही गोष्ट वेगळी.

आज तो हसण्याच्या मनःस्थितीत नव्हता. त्याची लेक जुई यंदा पहिलीत जायची होती, आणि उद्याचा शुक्रवार गेला की परवा दोन्ही शाळांचे प्रवेश बंद.

"एक महामार्गावरची," त्याने बाजू मांडायला सुरुवात केली. "मोठी इमारत, इंग्रजी माध्यम, प्रत्येक वर्गात पडदा, प्रयोगशाळा. बस दारात येते. दुसरी आपली तळ्याकाठची, जिल्हा परिषदेची. घरापासून चालत जाता येतं, एवढीच तिची पुण्याई. कांचनला तीच हवी आहे."

"आणि तुला?"

"उघड आहे ना बाबा."

"मग विचारायला कशाला आलास?"

एवढी उलटतपासणी धनराजची कोणी करत नसे.

"परवा सहज म्हटलं, आता आमची जुई मोठ्या शाळेत जाणार," तो म्हणाला. "तर ती उठली आणि पलंगाखाली जाऊन बसली. जेवायलासुद्धा बाहेर येईना. बालवाडीतही तिची हीच तऱ्हा आहे. बोलत नाही, मिसळत नाही. म्हणून म्हणतो, चुकीची शाळा पडली तर पोर कायमची मिटून जाईल…"

शेवटचे शब्द बोलताना त्याचा आवाज वकिलाचा राहिला नाही.

बाबांनी आता त्याच्याकडे नीट बघितलं.

"शाळा बघायला जुईला नेलं होतंस?"

"लहान आहे हो ती. तिला काय कळतंय? पण त्या मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका माझ्याशी तासभर बोलल्या. फार छान बाई आहेत."

"पहिलीत तू बसणार आहेस का?"

चिंचेखाली बसलेली माणसं हसली. धनराजला ते आवडलं नाही.

"जुई शाळेत पाणी पिते का रे?" बाबांनी विचारलं.

"पीत असेल की. बाटली देतो ना आम्ही. चांगली आहे, पाणी गार राहतं तिच्यात."

"बाटलीचं नाही विचारलं मी. असं कर, बेटा. उद्या दोन्ही शाळांत जा आणि पाणी पिऊन ये. मुलं जिथलं पितात तिथलं. जुईला बरोबर ने. बाटली मात्र नेऊ नकोस."

"बाबा, मी विचारतोय शाळेचं, आणि तुम्ही पाण्याचं काय घेऊन बसलात!"

बाबांनी रांजणावर झाकण ठेवलं. बोलणं संपलं, असा त्याचा अर्थ होता.

धनराज तणतणत घरी आला. म्हातारपणी माणूस भरकटतो, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

त्याची बायको कांचन मागच्या ओट्यावर जुईचा डबा धूत होती. डबा झाल्यावर तिने बाटली घेतली, झाकण काढलं आणि आतलं पाणी मोगऱ्याच्या कुंडीत ओतलं. पाणी बराच वेळ पडत राहिलं.

"जुई शाळेत पाणी पिते का गं?" धनराजने विचारलं.

कांचनचा हात थांबला. "आज कसं सुचलं हे?"

"बाबांनी विचारलं."

"हा मोगरा बघा. ती बालवाडीत जायला लागल्यापासून तिच्याच बाटलीवर जगतोय."

"म्हणजे? पीतच नाही?"

"पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं. जायचं तर बाईंना विचारावं लागतं. एकदा विचारलं तर बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, तुझंच काय गं सारखं सारखं? वर्ग हसला. त्यानंतर तिने विचारणंच सोडलं. घरी आली की आधी माठाकडे धावते."

"एवढं होऊन मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं." कांचनने बाटली उपडी ठेवली. "तुम्ही मोबाइलवर होतात. म्हणालात, होईल सवय."

धनराजला आठवलं. तो तसंच म्हणाला होता. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि कुंडीतल्या त्या टवटवीत मोगऱ्याकडे त्याच्याने बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो जुईला घेऊन निघाला. जुईने त्याचं बोट घट्ट धरलं होतं.

"आपण फक्त पाणी प्यायला जातोय," त्याने तिला सांगितलं.

"पाणी प्यायला? शाळेत?"

"हो."

ती विचारात पडली. पण पलंगाखाली गेली नाही.

महामार्गावरच्या शाळेचा स्वागतकक्ष थंडगार होता. धनराजने पाणी मागितलं. लगेच तबकातून बंद बाटली आली.

"हे नको. मुलं पितात तिथलं हवंय."

टेबलामागच्या बाई गोड हसल्या. "सर, मुलं आपापल्या बाटल्या आणतात. त्या वर्गाबाहेर ठेवायच्या, मधल्या सुट्टीत प्यायचं. वर्गात सांडासांड नको ना."

"आणि मधेच तहान लागली तर?"

"होते सर सवय."

धनराज दचकला. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणसाला कसं होतं, ते त्याला तिथे कळलं.

वर्गाबाहेर कप्प्यांमध्ये रंगीबेरंगी बाटल्या ओळीने ठेवल्या होत्या. आत एक तरुण शिक्षक पडद्यावर देवमासा दाखवत होता. झकास शिकवत होता, पोरं खिदळत होती. धनराजचा पाय निघेना. खोटं कशाला बोला, ती शाळा त्याला अजूनही आवडत होती. पण जुई देवमाशाकडे बघतच नव्हती. ती बाटल्यांकडे बघत होती, आणि बघता बघता त्याच्या पायामागे सरकली.

तळ्याकाठच्या शाळेत त्यांना कोणी अडवलं नाही. धनराजने वकिली नजर फिरवली. भिंतीचा रंग पोपडे धरून सुटत होता. झोपाळ्याची एक साखळी तुटलेली होती. आवारातल्या कडुनिंबाखाली एक ओटा होता आणि ओट्याला ओळीने नळ. नळ चांगले चकचकीत होते, पण इतके खाली की त्याला हसूच आलं.

तो वाकला. जमेना. आणखी वाकला. शेवटी मातीत एक गुडघा टेकून त्याने तोंड पुढे केलं, तर धार थेट नाकात गेली आणि बाही भिजली ती वेगळीच.

तेवढ्यात वर्गातून दोन वेण्यांची एक मुलगी बाहेर आली. तिला कोणी पाठवलं नव्हतं, तिनेही कोणाला विचारलं नव्हतं. ती उभ्या उभ्या घटाघटा पाणी प्यायली, बाहीला तोंड पुसलं आणि गुडघ्यावर बसलेल्या वकिलाकडे टकामका बघायला लागली.

"काका, मान तिरकी करायची असते."

मग ती जुईला म्हणाली, "तू पी ना."

जुईने बापाकडे बघितलं. एरवी धनराज म्हणाला असता, पी बाळा, अशी पी, फ्रॉक भिजवू नकोस. आज तो काही बोलला नाही.

नळ जुईच्या हनुवटीला बरोबर येत होता. ती प्यायली. मधे थांबून तिने खालच्या आवाजात विचारलं,

"तुझ्या बाई ओरडत नाहीत?"

"कशाला?" त्या मुलीने विचारलं. तिला खरंच प्रश्न कळला नव्हता.

जुई पुन्हा प्यायली. चांगली पोटभर. मग दोघी हात धरून मागच्या बाजूच्या बाथरूमकडे गेल्या आणि थोड्या वेळाने हात झटकत परत आल्या. वर्गातल्या बाईंनी खिडकीतून एकदा वळून बघितलं, तेवढंच. गोष्ट वाचणं त्यांनी थांबवलं नाही.

गोष्ट संपल्यावर त्या बाहेर आल्या, उकिडव्या बसल्या आणि जुईला नाव विचारलं. जुई बोलली नाही.

"बरं, मग केव्हातरी सांग," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

"मुलांच्या इंग्रजीचं काय?" धनराजने मुद्द्याला हात घातला.

"पहिलीपासून शिकवतो. पण माझं काही फार भारी नाही, खरं तेच सांगते. तुम्ही घरी बोलत जा ना तिच्याशी."

"बोलतो की," धनराज म्हणाला. नंतर गाडी चालवताना त्याला सारखं वाटत राहिलं, आपण हिच्याशी बोलतो केव्हा?

तो तसाच तकियाकडे वळला.

बाबा जुम्म्याची नमाज आटोपून नुकतेच परतले होते. सावलीत दोनतीन वाटसरू टेकले होते. बाबांची नजर आधी धनराजच्या पँटकडे गेली.

"गुडघ्याला माती लागलीय, वकील."

"लागणारच! तळ्याकाठच्या शाळेतला नळ बघा एकदा. केवढा खाली बसवलाय! काही विचार करतात की नाही ही माणसं? मोठ्या माणसाला गुडघा टेकल्याशिवाय घोटभर पाणी…"

तो मधेच थांबला.

बाबांचे खांदे हलत होते. ते आवाज न करता हसत होते.

धनराजही हसला. गेल्या कित्येक दिवसांत तो असा हसला नव्हता. पण वकील तो वकील, युक्तिवाद अर्धा सोडून कसा चालेल?

"पण बाबा, इंग्रजीचं काय? त्या देवमाशाचं काय? ते मास्तर खरंच छान शिकवत होते. उद्या जुईनेच विचारलं, मला तिकडे का नाही घातलं, तर? तळ्याकाठचीच ना बाबा? तुम्ही एकदा हो म्हणा. तुम्ही म्हणालात की मी आत्ताच जाऊन नाव घालतो."

बाबांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्यांनी रांजणावरचं झाकण काढलं आणि ओगराळं आत बुडवलं.

जुई बापाचं बोट सोडून पुढे गेली. कोणी न सांगता तिने ओंजळ धरली. बाबांनी धार सोडली. ती प्यायली, आणि मग म्हणाली,

"बास."

एवढं ठणठणीत म्हणाली की टेकलेले वाटसरू वळून बघायला लागले. धार जिथल्या तिथे थांबली. जुईने ओगराळ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. आपण म्हटलं आणि ते थांबलं, याची तिला मोठी मौज वाटलेली दिसली.

"अजून थोडं," ती म्हणाली.

धार पुन्हा सुरू झाली.

धनराजच्या डोळ्यांत पाणी आलं. परक्या माणसाकडे आपल्या लेकीने काही मागितलेलं तो आज पहिल्यांदा बघत होता.

त्याची स्वतःची बाटली गाडीत होती. तो गाडीकडे गेला नाही. तो रांजणापाशी आला, वाकला आणि दोन्ही हात जोडून ओंजळ पुढे केली. पाणी गार होतं. अर्धं तोंडात गेलं, अर्धं कोपरावरून ओघळून सकाळच्याच भिजल्या बाहीत गेलं.

"बास," तो म्हणाला.

धार थांबली.

तो तोंड पुसत सरळ झाला. छातीवरचं ओझं उतरलं होतं. जुई कबरीच्या कडेने चिंचा वेचायला लागली होती.

"ठरलं बाबा. तळ्याकाठचीच. आत्ता जाऊन नाव घालतो." तो मोकळेपणाने हसला. "सुटलो एकदाचा. शाळेचं झालं, आता मला काही बघायला नको."

बाबांनी ओगराळं झाकणावर आडवं ठेवलं.

"संध्याकाळी तिची बाटली तू उचलून बघत जा."