लिंबाजीचं पान

दुपारचे साडेबारा. बालाघाटच्या डोंगरातला एक जुना मठ. पंगत नुकतीच उठली होती, आणि जेवणघराच्या फरशीवर पाणी मारणं चाललं होतं.

"त्याला परत का पाठवलंस?" धोंडगिरी महाराजांनी विचारलं.

विश्वंभर उभा होता. तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झालेला, कॉलेजातली नोकरी सोडून मठात आलेला, आणि आता महाराजांच्या खालोखाल मान असलेला. त्याच्या मते या प्रश्नात विचारण्यासारखं काही नव्हतं.

"महाराज, पान पाहिलं. नाही बसत."

मठाची ही रीत होती. दीक्षा मागायला आलेल्याला आधी पंगतीला बसवायचं. थोरल्या शिष्यानं समोर बसून त्याचं जेवण पाहायचं. तोंड मिटून चावतो का, एक घास उतरल्याशिवाय दुसऱ्याला हात घालतो का, हे बघायचं. जो घासावर थांबू शकत नाही, तो नामावर काय थांबणार? नियम कुणी केला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मोडला कुणी, ते मात्र सगळ्यांना लगेच कळायचं.

"काय पाहिलंस?"

"जेवत नव्हता हो, गिळत होता. भाकरीचा अर्धा चतकोर एकदम तोंडात. चावणं नाहीच. आणि डावा हात असा..." विश्वंभरनं कोपर वाकवून दाखवलं, "...पत्रावळीभोवती. कुत्रं बसतं ना हाडकावर, तसा. श्लोक संपायच्या आत पान साफ."

"भूक असेल."

"भूक सगळ्यांनाच असते, महाराज. वय पस्तीस-चाळीस असेल. विहिरी खोदतो म्हणे. या वयात जो जेवायला शिकला नाही, तो दुसरं काय शिकणार?"

महाराज ओट्यावर बसले. पाय खाली सोडले.

"पलीकडच्या वर्षी तो राजापूरकडचा आला होता. कढी भुरकायचा. इथपासून विहिरीपर्यंत ऐकू जायचं."

विश्वंभर हसला. "हो. पण ते त्यांच्याकडचं वळण. भुरकल्याशिवाय त्यांना जेवल्यासारखं वाटत नाही."

"आणि तो अक्कलकोटचा? भाकरी आमटीत कुस्करायचा, आणि कोपरापर्यंत ओघळ."

"तिकडं तसंच जेवतात. ती त्यांची रीत."

"मग याची रीत कुठली?"

"याला रीतच नाही, महाराज. हा नुसता अधाशीपणा आहे. संस्कार नाहीत."

महाराजांनी फरशीकडं पाहिलं. फरशीवरचं पाणी मोरीकडं सरकत होतं.

"तू जेवलास?"

"नाही. पाहणारा शेवटी जेवतो."

"मग बस. आज मी वाढतो."

विश्वंभर संकोचला, पण मनातून सुखावला. महाराज स्वतः वाढतात म्हणजे निर्णय पटला असणार. तो मांडी घालून बसला. महाराजांनी पत्रावळ मांडली. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, वाटीत वरण, कडेला ठेचा. मग ते त्याच्यासमोरच बसले.

विश्वंभरनं डोळे मिटले. पहिला घास घेतला. त्याच्या चावण्याची मठात ख्याती होती. भाकरीचा एक तुकडा तो असा घोळवायचा, की नव्या मुलांना त्याच्याकडं बोट दाखवून सांगत, असं जेवावं.

घास उतरला. डोळे उघडून त्यानं हात पुढं केला.

पत्रावळ तिथं नव्हती. महाराजांनी ती आपल्याकडं ओढली होती.

"महाराज?"

"जेव की." त्यांनी पत्रावळ पुन्हा पुढं सरकवली.

विश्वंभरला वाटलं, परीक्षा आहे. मन किती स्थिर राहतं, ते बघतायत. त्यानं दुसरा घास शांतपणे घेतला. तो चावत असतानाच पत्रावळ सर्रकन् गेली.

पुन्हा आली. पुन्हा गेली.

एकदा घास पत्रावळीवरून उचलायच्या आतच गेली, आणि भाजी फरशीवर सांडली. भांडी आवरणाऱ्यांपैकी कुणीतरी खुदकन हसलं. विश्वंभरचे कान तापले.

आता त्यानं डोळे मिटले नाहीत. नजर महाराजांच्या हातावर. भाकरी मोडली, भाजीत बुडवली, तोंडात कोंबली. दोनदा दात लावले न लावले, की गिळली. पुन्हा मोडली. ठेच्याचा गोळा भाकरीबरोबर गेला, डोळ्यांत पाणी आलं, तरी थांबला नाही. वरणाची वाटी तोंडाला लावली, निम्मं हनुवटीवरून गळालं.

मग उचकी लागली. जोराची.

"पाणी पी," महाराज म्हणाले. "घाई कसली एवढी?"

"तुम्ही... तुम्ही ओढताय ना!"

"मी?"

विश्वंभरनं पाहिलं. महाराजांचे दोन्ही हात मांडीवर होते.

"मी मघाशीच थांबलो. भाजी सांडली तेव्हाच."

विश्वंभरनं खाली पाहिलं. त्याचा डावा हात, कोपरात वाकून, पत्रावळीभोवती पडला होता. तो कधी तिथं गेला, त्याला आठवेना. त्यानं हात मागं घेतला. पण क्षणभर बोटं पत्रावळीच्या कडेवर अडकलीच.

...

त्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. उचकी थांबत नव्हती.

"तुम्ही ओढलंत म्हणून झालं," तो शेवटी म्हणाला. आवाजात अजून थोडी कुरकुर होती.

"तोही तेच म्हणाला."

"कोण?"

"लिंबाजी. तू घालवलास तो. पायरीवर भेटला, पायताणं घालत होता. मी विचारलं, बाबा, असा का जेवतोस? तर म्हणाला, पान वढत्यात म्हणून."

विश्वंभर उठला. खरकटा हात तसाच.

"कुठं आहे तो?"

"फाट्यावर असेल. एस.टी. यायची आहे अजून."

"मी आणतो परत."

"आणून काय सांगशील?"

"चुकलो म्हणेन."

"तुझं चुकलं, ते तू सांगशील. बरं आहे. पण त्यानं मला एक विचारलंय. त्याचं उत्तर तुझ्याकडं आहे का?"

विश्वंभर दारात थांबला.

"पंधरा-वीस वर्षं झाली," महाराज म्हणाले. "भंडाऱ्याचा दिवस. इथंच, या खांबापाशी बसला होता. पहिला घास तोंडात होता. वाढणाऱ्यानं गाव विचारलं, त्यानं सांगितलं. आडनाव विचारलं, तेही सांगितलं. आणि समोरचं पान ओढलं गेलं."

"...इथं? आपल्या पंगतीत?"

"इथं."

"मी नव्हतो तेव्हा."

"मीही काशीला होतो. असं म्हणणारे आपण दोघेच नाही, विश्वंभर. इथं जो तो तेव्हा कुठंतरी गेलेला होता."

विश्वंभरनं खांबाकडं पाहिलं. आज सकाळी त्यानंच लिंबाजीला खूण करून तिथं बसवलं होतं. जागा रिकामी होती म्हणून. लिंबाजी बसण्याआधी थोडा घुटमळला होता, ते त्याला आता आठवलं. तेव्हा त्यानं ते गावंढळपणात धरलं होतं.

"मग तो पुन्हा इथंच का आला? दुसरे मठ काय कमी आहेत?"

"विचारलं मी. म्हणाला, जेवण अर्धं राहिलं होतं."

खाली घाटात गाडीचा आवाज आला. विश्वंभर एक पायरी उतरला, आणि त्यानं वळून पाहिलं.

"महाराज, त्यानं काय विचारलं तुम्हाला?"

महाराज वाकले. फरशीवर सांडलेली भाजी त्यांनी बोटांनी गोळा केली.

"त्या दिवशी वाढायला चौघे होते. चौघेही आज त्याच्याच पंगतीत जेवले. पान कुणी ओढलं, हा त्याचा प्रश्न मी एकेकाला विचारून आलोय... अजून कुणी बोललेलं नाही."