सिद्राम गोदाम सांभाळतो

एका बाजाराच्या गावात सिद्राम नावाचा एक भोळा गडी होता. त्याचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान काशप्पाशेठ किराण्याचे व्यापारी, भलतेच धोरणी. परका माणूस डोकं चालवील, या भीतीने त्यांनी गोदाम मेहुण्याच्या हवाली केलं. ती भीती कायमची मिटली.

पहिल्याच आठवड्यात मीठ संपलं. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं.

"अरे शहाण्या, माल एकावर आला की लगेच पुढचा मागवायचा!" शेठ ओरडले.

"बरं, दाजी."

दिवाळी सरली. गोदामात एक पणती उरली. सिद्रामने गाडीभर पणत्या आणवल्या.

"आता काय शिमग्याला लावू? आधी घरोघरी विचारावं, हवं का नको!"

"बरं, दाजी."

मग हिंग एका डबीवर आला. सिद्राम घरोघरी गेला. प्रत्येक घरात सासूला विचारलं, हिंग हवा का? हवा. सुनेला विचारलं. हवा. सासऱ्यालाही विचारलं, तो कशाला नको म्हणतोय? एका फोडणीला तीन डब्या धरून माल उतरला. दुकानातल्या साखरेलाही वास लागला. गावात पाहुणे चहाला थांबेनासे झाले.

"एकाच ठिकाणाहून, सगळा एकदम उचललास? तीन ठिकाणांहून आणावा, आणि सगळा एकाच दिवशी उतरवू नये!" शेठ म्हणाले. चूक नेमकी कुठे झाली ते त्यांनाही कळलं नव्हतं, पण शिकवायचं काही त्यांनी सोडलं नाही.

"बरं, दाजी."

पुढे शेठच्या एकुलत्या लेकीचं, महानंदाचं लग्न ठरलं. दोन स्थळं नाकारून तिसरं जमलं होतं.

"सिद्राम, मांडवात कशाची कमी पडली तर माझी अब्रू जाईल. सगळं तुझ्यावर सोपवतो," एवढं बोलून शेठ निवांत झोपले. कमालच म्हणायची.

मुहूर्ताला पूर्वेकडून वाजंत्री आली. घोड्यावर नवरदेव. पश्चिमेकडूनही वाजंत्री आली. त्याही घोड्यावर नवरदेव. शेठनी निरखून पाहिलं. दोघेही नाकारलेले!

"हे काय केलंस रे?"

"दाजी, सगळा माल मोजला. भरपूर होता, नवरदेव तेवढा एकावर आलेला. म्हणून घरात विचारलं. महानंदा लाजली, पण हवा म्हणाली. अक्कालाही हवा. आजीलाही हवा. झाले तीन. मग तीन ठिकाणांहून मागवले."

"आणि ठरलेला कुठंय?"

"त्याला उद्या बोलावलंय, दाजी. सगळा माल एकदम कशाला उतरवायचा?"