ताठ कमरेचा बोधिसत्त्व

"...आता तरी दया दिसते की नाही, भंते?"

बांबूच्या माचीवरून सिवकाने विचारलं. सिवक म्हणजे पाथरवट. हात सोन्याचा, मान लोखंडाची. लेण्याच्या भिंतीत अवलोकितेश्वर कोरत होता. संकटात हाक मारली की धावून येतो ना, तोच बोधिसत्त्व.

लेणं कोरतात वरून खाली. मुकुट झाला होता, तोंड झालं होतं. मानेखाली नुसता डोंगर, त्यावर बाकीचं अंग गेरूने आखलेलं. खांबासारखं ताठ.

खाली भदंत इसिपाल उभे होते. त्यांनी 'हो' म्हटलं, की पुढच्या मोठ्या लेण्याचं काम सिवकाचं.

"हा बघणार कुठे?" भदंतांनी विचारलं.

"साऱ्या विश्वाकडे."

"आणि पायाशी हा वाणी आखलायस त्याच्याकडे? हत्ती लागलाय बिचाऱ्याच्या मागे."

"तो फार खाली आहे, भंते. एवढ्या मोठ्यानं काय कमरेत वाकायचं? ऐट जाते."

"अस्सं..."

भदंतांनी माचीला लावलेली शिडी काढली आणि जमिनीवर आडवी ठेवली.

सिवक हसला. थोडा वेळच हसला. सकाळी भदंतांनीच त्याला आग्रह करकरून मडकंभर ताक पाजलं होतं.

"भंते... शिडी."

भदंत ताठ उभे राहिले. डोळे अर्धे मिटले, उजवा हात वर केला. थेट मूर्ती.

"भंते, ताक!"

"तुझी फार दया येते रे बाबा," भदंत साऱ्या विश्वाला म्हणाले.

"दया काय चाटू? अहो, नुसते उभे काय राहता! इकडे बघा! वाका, उचला ती शिडी!"

"वाकलो की ऐट जाते."

"ऐट घाला चुलीत! नाहीतर मी इथूनच... आणि तुम्ही नेमके खाली आहात!"

सत्तरीतले भदंत विशीतल्यासारखे वाकले.

सिवक झुडपाआड जाऊन आला. चेहरा मूर्तीहून शांत.

"मग भंते... पुढचं काम माझं?"

भदंत कण्हत कण्हत कंबर चोळत होते.

"मला ओरडून सांगितलंस, ते आधी तुझ्या या बोधिसत्त्वाला सांग. मानेखाली दगड अजून शिल्लक आहे... आणि विहारात ताक."