पेटंटच्या अपिलात पट्टेवाल्याची साक्ष

“संगणकाच्या मेमरीतली माहिती जागची हलत नाही, आणि तरी एका प्रोसेसरकडून दुसऱ्याकडे जाते? हा काय जादूटोणा!” पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या रेगेसाहेबांनी टेबलावर हात आपटला.

समोर वैदेही टिळेकर उभी होती. सात वर्षं खपून तिने ही युक्ती शोधली होती आणि खालच्या अधिकाऱ्याने ‘अशक्य’ असा शेरा मारून अर्ज फेटाळला होता.

“साहेब, मेमरी दोघांत एकच. माहितीची नक्कल करत बसायचं नाही, नुसता ताबा द्यायचा.”

“शब्दांचे बुडबुडे! या खोलीत, यंत्राशिवाय, काहीही न हलवता काहीतरी देऊन दाखवा. माझा चहा संपेपर्यंत! नाहीतर अपील फेटाळलं!”

वैदेहीचा चेहरा उतरला. चहाचा ट्रे धरून उभ्या असलेल्या गेनू शेलार पट्टेवाल्याला ते बघवेना. त्याची जीभ कुठली ऐकतेय!

“साहेब, मी बोलू?”

“तुला प्रोसेसरमधलं कळतं?”

“छे! मला मिक्सरमधलंही कळत नाही. आणि मेमरी म्हणाल, तर चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो. बायको म्हणते, वरचा मजला रिकामाच आहे, भाड्याने द्या! पण एक शंका आहे. तुम्ही जूनमध्ये आलात, तेव्हा आधीच्या साहेबांनी तुम्हाला काय दिलं?”

“चार्ज दिला. दुसरं काय देणार?”

“म्हणजे ही अकरा कपाटं, त्यातल्या फायली, हा पंखा, झालंच तर मी?”

“अर्थात! एका सहीसरशी सगळं माझ्या ताब्यात आलं.”

“मग त्या दिवशी एक टाचणी तरी जागची हलली का, साहेब?”

रेगेसाहेबांचा कप ओठांशीच थांबला.

“हललो तो मी एकटा मूर्ख!” गेनू म्हणाला. “सही झाल्याचं मला कळलंच नाही. दोन दिवस जुन्या साहेबांच्या बंगल्यावर जाऊन सलाम ठोकत होतो! या मॅडमची यंत्रं माझ्यापेक्षा शहाणी. ताबा बदलला की त्यांना तिथल्या तिथे कळतं.”

रेगेसाहेब इतके हसले की चहा बशीत सांडला. “अरे, तू तर मलाच पुरावा केलास! ‘अशक्य’ हा शेरा रद्द! अपील मंजूर! आणि गेनू, उद्यापासून दाराशी तुला हातांची खुर्ची दिली!”

“उपकार झाले, साहेब! पण ती तेवढी खरोखर हलवून आणा. नुसत्या सहीवर बसायला गेलो, तर बूड आपटेल!”