भानोबाची भट्टी

डोंगरमाथ्यावरच्या या कातळात हातभर खोल खळगा दिसतो ना, तो पावसाने झालेला नाही. आत बोट फिरवून पाहा, दगड काचेसारखा गुळगुळीत लागेल. याला आम्ही भानोबाची भट्टी म्हणतो.

असे सांगतात, की आमचं गाव वीस घरांचं होतं तेव्हा भानोबा नावाचा वैद्य इथे राहायचा. तांब्याचं सोनं करणारा आणि माणसाचं आयुष्य वाढवणारा सिद्धरस काढायचा, हा त्याचा ध्यास. एकदा त्याने कच्चा रस आपल्या आजारी भावाला दिला. दुसऱ्या दिवशी भाऊ गेला. तेव्हापासून भानोबाचा स्वतःच्या हातावर विश्वास उरला नाही, पण ध्यासही सुटला नाही.

बारा वर्षं त्याची बायको देमाई भाता ओढत होती. पाऱ्याच्या धुराने तिचे दात पडले, हात कापू लागले, शेवटी तिने अंथरूण धरलं. मग भानोबाला सोनं नकोसं झालं. रस हवा होता तो तिच्यासाठी.

बारा वर्षांच्या आचेतून म्हणे एकच थेंब उतरायचा. तो दिवस आला. सकाळीच खोपटातून देमाईची हाक आली, "अहो, घोटभर पाणी द्या."

घडा रिकामा होता आणि झरा पार पायथ्याशी. "थांब जराशी," तो म्हणाला, "आच सोडली तर सगळंच जाईल."

दुपारी तिने पुन्हा मागितलं. तो पुन्हा थांब म्हणाला.

उन्हं कलताना मुशीत थेंब उतरला, डाळिंबाच्या दाण्याएवढा. तो उचलताना भानोबाला भाऊ आठवला. हेही विषच असलं तर? खात्रीसाठी त्याने पूजेतल्या तांब्याच्या पळीचं टोक थेंबाला नुसतं टेकवलं. बघता बघता पळी दांड्यापर्यंत पिवळी झाली, आणि मूस कोरडी पडली.

पळी घेऊन तो आत गेला. देमाईने ती पाहिली. काय झालं ते तिला सांगावं लागलं नाही.

"म्हणजे तुमचा हात खरा होता," ती म्हणाली. "बरं झालं. आता तरी पाणी आणा."

तो घडा घेऊन धावत उतरला, धावत चढला. तिच्या ओठांत पाणी घातलं, ते गालावरून ओघळून गेलं.

भट्टी पुन्हा पेटली नाही. पळीचं काय झालं, कुणी सांगत नाही. उरलेलं आयुष्य भानोबा गावातल्या आजाऱ्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या घेऊन बसायचा. औषध विचारलं की नुसती मान हलवायचा.

आजही आमच्या गावात आजाऱ्याने पाणी मागितलं, तर त्याला थांब म्हणत नाहीत. माझ्या लेकाच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना आतून माझ्या आजारी आईने पाणी मागितलं. भटजी थांबले. अंतरपाट तसाच धरून ठेवला. आई सावकाश प्यायली, मग अक्षता पडल्या.