हाकेला ओ देणारा बाहुला

नाईलकाठची माणसं मेल्यानंतरच्या कामालाही घाबरायची, तेव्हाची गोष्ट. मृतांचा राजा ओसायरिस सगळ्यांना शेतात राबवतो, हे ऐकून नेबामून नावाच्या व्यापाऱ्याने थडग्यात सोबत एक मातीचा बाहुला घेतला आणि त्याला बजावलं, "मला कुणीही हाक मारो, ओ तू द्यायचीस."

बाहुला इमानी होता. नांगरायला हाक आली की तो "आलो" म्हणे, पिकाला पाणी द्यायला आली तरी "आलो". नेबामून खजुराच्या सावलीत घोरत पडे.

काही वर्षांनी त्याची बायको मेरित वारली आणि त्याला शोधत बांधावर आली. "अहो, आहात का कुठे?"

सावलीत कुणी हललं नाही. बाहुल्याला संकोच वाटला, पण हुकूम तो हुकूम. "आलो," म्हणत तो नांगर सोडून तिच्याजवळ जाऊन बसला. ती मागे राहिलेल्या घराबद्दल बोलत राहिली. दोन ताटं वाढायची सवय शेवटपर्यंत मोडली नाही, तेही तिने सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही.

नांगर थांबलेला पाहून ओसायरिस स्वतः आला. तेव्हा कुठे नेबामून जागा झाला. "देवा, बायको माझी आहे. हा नुसता मातीचा गोळा."

"माझे तर भावाने तुकडे केले होते," ओसायरिस म्हणाला. "तरी माझ्या बायकोने हाक मारली तेव्हा मी उठलो. तुला काय झालं होतं?"

"जरा डोळा लागला होता."

मेरितने नांगराकडे बोट दाखवलं. "तेवढी पट्टी उरकून घ्या. याला मला अजून बरंच सांगायचंय."