लाखेवरचा मोर

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं मला बजावलं होतं. मी सहसा ऐकते. पण ही पोटात राहत नाही, म्हणून हळू आवाजात सांगते.

फार फार वर्षांपूर्वी द्राक्षमळ्यांच्या डोंगरांत एक राज्य होतं. तिथल्या राजाचं चार डोंगरांच्या चार सरदारांशी दहा वर्षं वैर होतं. शेवटी सगळेच लढून थकले. राजाने तहासाठी चौघांना दुपारच्या जेवणाला बोलावलं. प्रत्येकाने आपल्या मळ्यातल्या मद्याची एक खास कुपी आणावी, असा निरोप धाडला.

राजवाड्याची कोठी सांभाळणाऱ्या कोठावळणीकडे सगळी आखणी होती. कुणाशेजारी कोण बसेल, कोणत्या कुपीबरोबर काय वाढायचं, हे तिने तीन दिवस बसून ठरवलं.

त्या सकाळी कुप्या कोठीत आल्या. मागोमाग राजा आला. त्याने दार लोटलं आणि तिच्या हातात एक लांब सुई ठेवली.

"बुचातून टोच. थेंब काढून पिंजऱ्यातल्या मैनेला पाज. मग भोक लाखेने बुजव."

"महाराज, आपल्याकडे रीत आहे. ज्याची कुपी तोच फोडतो, पहिला घोट तोच घेतो. विष असलं तर आधी तोच मरेल."

"आणि घरून उतारा घेऊन आला असेल तर?" राजाने दाराकडे वळून पाहिलं. "हे बाहेर गेलं, तर तुझी जीभ जागेवर राहणार नाही."

कोठावळणीने एकेक कुपी टोचली. मैना थेंब प्यायची, पंख झाडायची आणि शिकवल्याप्रमाणे म्हणायची, "या, बसा!"

चौथी कुपी थोरल्या सरदाराची होती. तिच्या लाखेवर अंगठीने उठवलेला इवलासा मोर होता. लाख ऊन करताना कोठावळणीचा हात हलला आणि मोराचा पिसारा वितळून गेला. तिने बोटाने सारखा करू पाहिला, तर मानही गेली.

तिने कुपी पदराआड लपवली.

"आज बाईंच्या हाताला कापरं भरलंय," दारातून डोकावत स्वयंपाकिणी हसल्या. "बघा हो, आमटीत मीठ दोनदा पडायचं!"

तिने घाईघाईने आखणी बदलली. थोरल्या सरदाराची कुपी शेवटी ठेवली. तोवर पोटं भरलेली असतील, लाखेकडे कोण बघतंय?

एवढ्यात थोरला सरदारच काठी टेकत दाराशी आला. "काय गं पोरी, माझ्या कुपीतल्या म्हातारीला कुणाशेजारी बसवलंस?"

"शेवटी, आबासाहेब. खिरीबरोबर."

"खिरीबरोबर? अगं, ती जहाल आहे, माझ्या बायकोसारखी!" तो हसला आणि काठीवर रेलला. "माझा धाकटा तुमच्याशी लढताना पडला, त्या साली भरलीय ती. वरचा मोर त्याच्याच अंगठीचा. म्हटलं होतं, तह झाला तरच फोडायची."

कोठावळणीच्या ओठांवर शब्द आले. पण म्हाताऱ्याच्या मागे, खांबाच्या आडून, राजा तिच्याकडे बघत होता. ती कुप्या मांडायला वळली.

पंगत बसली. तिघे सरदार म्हणाले, "पहिला मान थोरल्यांचा!" कुपी शेवटची ठेवून काही उपयोग झाला नाही.

म्हाताऱ्याने कुपी उचलली. अंगठ्याने लाख चाचपली. पुन्हा चाचपली.

"माझ्या लेकाचा मोर कुणी मोडला?"

बाकीच्या तिघांनी आपापल्या कुप्या उजेडात धरल्या. प्रत्येकीवर ताज्या लाखेचा एक टिपका होता. आता रीतीप्रमाणे पहिला घोट ज्याचा त्यानेच घ्यायचा होता, आणि आपलीच कुपी तोंडाला लावायला एकही हात धजेना. एकाने तलवारीची मूठ धरली.

"प्या ना!" राजा म्हणाला. "काही नाही त्यात."

"मग आपणच घ्या, महाराज," तलवारीवर हात ठेवलेला सरदार म्हणाला.

राजाने एक कुपी उचलली. मैना जिवंत आहे, हे त्याला ठाऊक होतं. पण काही विषं उशिरा चढतात, असं त्याच्या मनात आलं. त्याने कुपी न फोडताच खाली ठेवली.

तेव्हा कोठावळीण पुढे आली. "सुई मी टोचली. विष घालायला नाही, शोधायला. सापडलं नाही." तिने चारही कुप्या फोडल्या आणि चारही कुप्यांतला घोट घेतला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिला काही झालं नाही.

"तुझ्यावर माझा विश्वास आहे, पोरी," म्हातारा उठत म्हणाला. "पण ज्याने तुला सुई दिली, त्याच्या घरचं मी पाणीही पिणार नाही."

चौघे निघून गेले. द्राक्षं उतरवायच्या आत पुन्हा रणशिंगं वाजली. राजाने तिची जीभ कापली नाही. त्याचा प्रत्येक घास आधी चाखायला आता तीच उरली होती. रिकाम्या भोजनगृहात तो एकटा जेवायचा, आणि मैना ओरडत राहायची, "या, बसा! या, बसा!"

पाहुण्याला बोलावण्याआधी मनातली भीती उंबऱ्याबाहेर ठेवावी. ती पंगतीला बसली, की बाकी सगळे उठून जातात.

आणि ती सुई? आमच्या शिवणाच्या डब्यात तळाशी एक लांब सुई आहे. आई तिला कुणाला हात लावू देत नाही, कारण आमच्या पणजीच्या पणजीने... आले गं आई, आले! कारण तिने ती राजाच्या कोठीतून...